२ जीबी रॅम आणि ३२ जीबी स्टोरेजचं नेटबुक : विंडोज काढून कोणती हलकी ओएस टाकू?

चांदणवेल
नमस्कार मंडळी. आईकडे २०१६ मधे घेतलेलं ११.६ इंची नेटबुक आहे, इंटेल ॲटम झेड३७३५एफ, २ जीबी रॅम, ३२ जीबी ईएमएमसी (बोर्डावरचीच साठवण). आई गावी (माढा तालुका) बचत गटाची सचिव आहे आणि गटाचं सगळं त्याच्यावर चालतं, म्हणजे कर्ज आणि हप्त्यांचं एक्सेल, मासिक बैठकीचं इतिवृत्त, बँकेचे फॉर्म डाऊनलोड करून प्रिंट काढणं, आणि अधूनमधून व्हॉट्सॲप वेब.

अडचण अशी की विंडोज १० व्हर्जन १८०३ वरच अडकलंय. पुढचं अपडेट घ्यायला जेवढी जागा लागते तेवढी रिकामी होतच नाही. फोटो काढले, रिसायकल बिन, डिस्क क्लीनअप, जुनी डाऊनलोड सगळं झालं तरी सी ड्राईव्हवर १.१ जीबीच्या वर जागा दिसत नाही. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्टच संपला. मशिन चालू व्हायला पाच-सहा मिनिटं घेतं, आई तोवर कुकर लावून येते.

नवीन लॅपटॉप घेऊन देऊ शकते पण आईला हेच हवंय, वजनाला हलकं आहे, पिशवीत घालून बैठकीला नेता येतं, आणि स्क्रीन-कीबोर्ड अजून धडधाकट आहेत. मी पुण्यात असते, दोन महिन्यांतून एकदा जाणं होतं, त्यामुळे जे टाकीन ते माझ्याशिवाय नीट चाललं पाहिजे, ही माझी सगळ्यात मोठी अट. लिनक्स मी ऑफिसात थोडंफार वापरलंय. सुचवा प्लीज.

लाल_पेरू
आधी कॉम्पॅक्ट ओएस करून बघितलं का? विंडोज १० मधेच आहे ते, सिस्टीमच्या फाईली दाबून ठेवतं, दीड-दोन जीबी सुटतात. आणि ईएसयू (मुदत संपल्यानंतरचा वाढीव सपोर्ट) पण आहे की, घरगुती वापराला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात.

चांदणवेल
@लाल_पेरू कॉम्पॅक्ट ओएस दोन वर्षांपूर्वीच केलंय, वर लिहिलेली १.१ जीबी त्यानंतरचीच. आणि ईएसयू साठी मशिन २२एच२ वर असावं लागतं ना, तिथे पोचायलाच जागा नाहीये.

टर्मिनलवाला
बरोबर, ईएसयूचा मार्ग तिथेच बंद होतो. विंडोज ११ चा प्रश्नच नाही, त्याला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज लागतं. आता कोणी एलटीएससी (विंडोजची दीर्घ सपोर्टची आवृत्ती) सुचवायच्या आत सांगतो, ते कंपन्यांना व्हॉल्यूम लायसन्सवर मिळतं, घरी वापरायला सरळ मार्गाने विकत मिळत नाही, आणि बचत गटाचे हिशोब असलेल्या मशिनवर कुठूनतरी उतरवलेली विंडोज टाकू नये.

लिनक्सच टाका. फक्त झेड३७३५एफ म्हटल्यावर एक गोष्ट आधी लक्षात घ्या, नाहीतर दोन दिवस फुकट जातात. हा प्रोसेसर ६४-बिट आहे, पण ह्या जातीच्या बहुतेक मशिनमधे यूईएफआय (मशिन चालू होताना ओएस सुरू करून देणारं सॉफ्टवेअर) ३२-बिट असतं. म्हणून नेहमीचा ६४-बिट पेन ड्राईव्ह लावला तर बूट मेनूत दिसतच नाही, आणि माणसाला वाटतं पेन ड्राईव्ह खराब आहे. पेन ड्राईव्ह बनवल्यावर त्यातल्या ईएफआय फोल्डरच्या आत बूट फोल्डरमधे बूटआयए३२ नावाची फाईल आहे का ते बघायचं. असेल तर बूट होतं. डेबियन ह्या लिनक्सच्या ८ व्या आवृत्तीपासून अशा मिश्र मशिनचा सपोर्ट डेबियनच्या इन्स्टॉलरमधे आहे, तो यूईएफआय ३२-बिट असल्याचं स्वतः ओळखतो आणि त्याप्रमाणे ग्रब (ओएस बूट करणारा प्रोग्रॅम) टाकतो, सिस्टीम मात्र ६४-बिटच बसते.

भुईकमळ
क्रोमओएस फ्लेक्स? आईंना ब्राऊझरच लागतोय बहुतेक. माझ्या भाचीच्या लॅपटॉपवर टाकलंय, अपडेटचं काही बघावंच लागत नाही.

टर्मिनलवाला
फ्लेक्सला ४ जीबी रॅम लागते असं गूगलच सांगतं. २ जीबीवर नको.

रानवाट
मी तर म्हणेन टायनी कोअर किंवा पपी, दोन्ही अगदी छोटी लिनक्सं. टायनी कोअर ग्राफिकल डेस्कटॉपसकट २३ एमबी आहे, नुसतं कोअर १७ एमबी. पपी रॅममधूनच पळतं. ३२ जीबी म्हणजे त्यांच्यासाठी मैदान आहे, जागेचा प्रश्नच मिटला.

सह्यकडा
@रानवाट, पपी मला मनापासून आवडतं, बॅरी कॉलर यांनी २००३ मधे सुरू केलं तेव्हापासूनची त्याची रचनाच वेगळी आहे. पण ह्या केससाठी मी नाही सुचवणार, आणि का ते जरा सविस्तर लिहितो कारण हा घोळ दर वेळी होतो.

आपण हलकी ओएस शोधताना आयएसओ (इन्स्टॉलची फाईल) किती एमबीची ते बघतो. पण डिस्क पहिल्या दिवशी भरत नाही, वर्षभराने भरते. कशाने भरते? अपडेटच्या डाऊनलोड केलेल्या पॅकेजांनी, जुन्या कर्नलांनी (ओएसचा गाभा), लॉगने, ब्राऊझरच्या कॅशने. आणि रॅम ओएस खात नाही, ब्राऊझर खातो. २३ एमबीच्या टायनी कोअरवर फायरफॉक्स आणि लिबर ऑफिस टाकलं की व्हॉट्सॲप वेब तिथेही तेवढीच रॅम घेणार जेवढी दुसरीकडे घेतं, त्यात काही जादू नाही. उलट टायनी कोअर मधे काय सेव्ह राहतं आणि काय रीबूटनंतर जातं हे समजून वापरावं लागतं. बचत गटाच्या सचिवबाईंनी हप्ते भरले, मशिन बंद केलं, आणि सकाळी फाईल नाही, असं एकदा जरी झालं तरी त्या मशिनवरचा विश्वास गेला.

३२ जीबी ही खरंतर लिनक्ससाठी कमी जागा नाहीये. ८ जीबी कमी, ४ जीबी फार कमी. ३२ मधे पूर्ण डेबियन, ऑफिस, मराठी सगळं बसून अर्ध्याहून जास्त डिस्क रिकामी राहते. म्हणून ह्या मशिनला सगळ्यात लहान सिस्टीम शोधू नका, जिला पुढची चार-पाच वर्षं सिक्युरिटी अपडेट मिळतील आणि जी कमी हलेल अशी शोधा. माझं मत डेबियन १३, एलएक्सक्यूटी डेस्कटॉपसकट. ऑगस्ट २०२५ मधे आलंय, एलटीएस (लांबवलेला सपोर्ट) धरून २०३० पर्यंत अपडेट आहेत.

भुईकमळ
मग लुबंटू (उबंटू लिनक्सचा हलका प्रकार) का नको? तोही एलएक्सक्यूटीच आहे, आणि इन्स्टॉल करायला सोपा.

सह्यकडा
लुबंटू वाईट अजिबात नाही. पण उबंटू परिवारात फायरफॉक्स स्नॅप (वेगळ्या पद्धतीने बांधलेलं पॅकेज) म्हणून येतो. स्नॅप अपडेट झाला की जुनी आवृत्तीही डिस्कवर ठेवतो, शिवाय त्याचे खालचे कोअर आणि ग्नोमचे स्नॅप वेगळे. २५६ जीबीवर कळतही नाही, ३२ वर कळतं. आणि ॲटमवर स्नॅपचा फायरफॉक्स उघडताना लागणारा वेळ अंगावर येतो. फ्लॅटपॅकचंही तसंच, एका छोट्या ॲपसाठी आख्खं रनटाईम उतरतं. डेबियनमधे फायरफॉक्स ईएसआर (लांब सपोर्टची आवृत्ती) साध्या पॅकेजमधून येतो.

तारमास्तर
मंडळी, मधेच येतो, क्षमस्व. माझा प्रश्न जवळचाच आहे म्हणून नवा धागा काढला नाही. माझ्याकडे २००९ चं ८.९ इंची नेटबुक आहे, ॲटम एन२७०, १ जीबी रॅम, ८ जीबीची एसएसडी, अजून एक्सपी वर चालू आहे. निवृत्त झाल्यापासून वडिलांच्या वह्या टाईप करतोय, १९५० च्या दशकातल्या, गावची नावं, शेतीच्या नोंदी, नातलगांची लग्नं. इंटरनेट मी त्यावर लावतच नाही. पण सेव्ह करताना मशिन दहा-दहा सेकंद गोठतं आणि मला भीती वाटते की एक दिवस सगळं जाईल. मलाही डेबियन १३ चालेल का?

टर्मिनलवाला
काका, तुमचं मशिन वेगळं आहे. एन२७० निव्वळ ३२-बिट. डेबियन १३ ला ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही, डेबियन १२ हे शेवटचं. मोझिलानेही ३२-बिट लिनक्ससाठी फायरफॉक्स १४४ नंतर बंद केलाय, फक्त ईएसआर १४० थोडा काळ चालू ठेवला. तेव्हा ते मशिन इंटरनेटपासून लांब ठेवताय ते फार चांगलं करताय, तसंच ठेवा.

आणि सगळ्यात आधी, आज रात्रीच, त्या वह्यांच्या फाईली दोन वेगवेगळ्या पेन ड्राईव्हवर कॉपी करा. ओएसचं नंतर बघू.

रानवाट
तारमास्तर काका, तुमच्यासाठी मात्र पपीच! त्या काळच्या नेटबुकांमधल्या छोट्या एसएसडी लिहिण्यात फार हळू असतात, म्हणून सेव्ह करताना गोठतं. पपी बूट होताना स्वतःला रॅममधे चढवतं आणि मग डिस्कला फारसा हात लावत नाही. बायोनिकपप३२ घ्या, १ जीबी रॅमवर छान चालतं. तो उबंटू १८.०४ वर बेतलेला असल्यामुळे बँकेच्या वगैरे कामाला मी सुचवणार नाही, पण तुमचं काम ऑफलाईन आहे.

ॲन्टीएक्स ३२-बिट पण चांगलं आहे, डेबियन १२ वर बेतलेलं आहे. पण त्याच्या फुल आवृत्तीला इन्स्टॉल करायला साधारण ७ जीबी लागते, तुमच्या ८ मधे काय उरणार.

चांदणवेल
काकांचा प्रश्न इथेच राहू दे, मलाही वाचायला आवडतंय.

माझ्याकडून प्रगती : गावी आलेय. डेबियनचा पेन ड्राईव्ह बनवला, बूटआयए३२ फाईल होती, बूट झालं. एलएक्सक्यूटीची लाईव्ह आवृत्ती आधी नुसती चालवून बघितली. टचपॅड, ब्राईटनेस, स्क्रीन ठीक. वायफाय लागलं. आवाज नाही. आणि झाकण मिटलं की परत उघडल्यावर काळा स्क्रीन. आईला आवाज हवा आहे, गटाच्या प्रशिक्षणाचे व्हिडिओ येतात.

टर्मिनलवाला
वायफाय लागलं म्हणजे निम्मं काम झालं. ह्या मशिनमधे बऱ्याचदा रिअलटेकची ८७२३बीएस वायफाय चिप असते, तिचा ड्रायव्हर २०१७ साली ४.१२ कर्नलमधे आला, त्याआधी लोक तो हाताने कंपाईल करत बसायचे. फर्मवेअर डेबियन १२ पासून इन्स्टॉलरबरोबरच येतं.

आवाजासाठी इंटेल साऊंडचं फर्मवेअर पॅकेज टाका, आणि अल्साची (लिनक्सची आवाजाची यंत्रणा) यूसीएम प्रोफाईलं असलेलं पॅकेज आहे ना ते बघा. बे ट्रेलमधे (तुमच्या ॲटमची पिढी) ऑडिओ नेहमीच्या लॅपटॉपसारखा नसतो, टॅबलेटसारखा असतो, कुठला स्पीकर कुठे जोडलाय ते सिस्टीमला प्रोफाईलमधून कळतं. मग आवाज चालू होऊनही कधी हेडफोनलाच जातो, तेव्हा पल्सच्या (आवाजाच्या) कंट्रोलमधे स्पीकर निवडावा लागतो.

झाकणाचं म्हणाल तर स्लीप बंदच करून टाका. झाकण मिटल्यावर फक्त स्क्रीन बंद, बाकी काही नाही, असं सेट करा आणि आईंना काम झालं की शटडाऊन करायला सांगा. ईएमएमसीवर लिनक्स मिनिटाच्या आत चालू होतं, स्लीपची गरजच राहत नाही.

इन्स्टॉल करताना डिस्कच्या यादीत बूट० आणि बूट१ असे चार-चार एमबीचे छोटे तुकडे दिसतील, ते ईएमएमसीचे स्वतःचे असतात, त्यांना हात लावू नका. मोठा २९ जीबीच्या आसपासचा आहे तोच पूर्ण पुसायचा. आणि पुसण्याआधी विंडोजची रिकव्हरी एका पेन ड्राईव्हवर घेऊन ठेवा, कधी लागलीच तर.

कोकमसार
फाईल सिस्टीम बीटीआरएफएस घ्या, झेडएसटीडी कॉम्प्रेशन लावून. सिस्टीमच्या फाईली बऱ्यापैकी दाबल्या जातात आणि ईएमएमसीवर लिखाणही कमी होतं. मी तीन वर्षं वापरतोय.

सह्यकडा
तुमच्यासाठी योग्य, त्या आईंसाठी मी ईएक्सटी४ च म्हणेन. बीटीआरएफएस काठोकाठ भरलं की डीएफ (मोकळी जागा सांगणारी कमांड) जागा दाखवतं आणि तरी फाईल लिहिता येत नाही, मग बॅलन्स चालवा वगैरे. जवळ जाणकार असेल तर ठीक. इथे जाणकार पुण्यात आहे.

कोकमसार
हे पटलं. लांबून सांभाळायचं असेल तर ईएक्सटी४, नोएटाईम लावून (फाईल वाचल्याची वेळ लिहायची नाही).

सह्यकडा
@चांदणवेल, इन्स्टॉल झाल्यावर जागेसाठी एवढं करून टाका, पुन्हा बघावं लागणार नाही. सिस्टीमचा जर्नल (नोंदींचा लॉग) डिफॉल्टने डिस्कच्या दहा टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, त्याला ५० एमबीची मर्यादा घाला. एपीटीला (पॅकेजं टाकणारा प्रोग्रॅम) सांगा की रेकमेंडेड पॅकेजं आपोआप घेऊ नको, हे मात्र डेस्कटॉप बसल्यानंतर करा, आधी केलंत तर नेटवर्कचं चिन्हसुद्धा येत नाही असले प्रकार होतात. अनअटेंडेड अपग्रेड चालू करा म्हणजे सिक्युरिटी अपडेट आईंना न विचारता होतील, जुनी कर्नलं तेच काढतं. एपीटीची डाऊनलोड कॅश आठवड्याला साफ होईल असं त्याच्याच सेटिंगमधे करता येतं.

रॅमसाठी झेडरॅम लावा, रॅमच्या निम्म्याएवढा. म्हणजे स्वॅप डिस्कवर न जाता रॅममधेच दाबून ठेवला जातो, ईएमएमसी वाचते, ती बोर्डाला चिकटवलेली असते, गेली तर बदलता येत नाही. अजून एक, डेबियन १३ मधे टेम्प फोल्डर डिफॉल्टने रॅममधे असतं, निम्म्या रॅमपर्यंत वाढू शकतं. २ जीबी मशिनवर एखादी मोठी झिप तिथे उघडली की सगळं जड होतं. त्याची मर्यादा २०० एमबीवर आणून ठेवा.

चांदणवेल
हे सगळं लिहून घेतलं. आता मराठी टायपिंग. आई विंडोजवर गूगलचं इनपुट वापरायची, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहायचं आणि मराठी उमटायचं. आणि २०१४-१५ ची काही इतिवृत्तं श्रीलिपीत आहेत, ती उघडली की नुसती चिन्हं दिसतात.

बोरूबहाद्दर
इथे मी येतो, माझा आवडता विषय. आयबस (टायपिंगच्या पद्धती पुरवणारा प्रोग्रॅम) आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाका. त्यात मराठीसाठी इनस्क्रिप्ट, फोनेटिक, आयट्रान्स आहेत आणि गमभन सुद्धा आहे! जुन्या मराठी संकेतस्थळांवर लिहिलेल्यांच्या बोटांत ते बसलेलं आहे, तुमच्या आईंनाही पटकन जमेल.

पण मशिन २ जीबीचं आहे, तर आयबससुद्धा टाळता येईल. एक्सकेबी (लिनक्सची कीबोर्डची मूळ यंत्रणा) मधेच भारतीय लेआऊटखाली मराठी कगप म्हणून प्रकार आहे, वेगळा प्रोग्रॅम चालत नाही, रॅम शून्य. क साठी के, म साठी एम, असं ध्वनीवर आहे, पण व्यंजनाला हलन्त जोडून जोडाक्षर करावं लागतं, गूगलसारखं शब्द ओळखत नाही. दोन्ही दाखवा आणि त्यांनाच निवडू दे.

फॉन्टमधे लोहित देवनागरी मराठी घ्या. मराठीसाठीचा फॉन्ट नसला की ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात, छापील इतिवृत्तात ते डोळ्याला खुपतं. नोटोचे सगळे फॉन्ट एकत्र घेऊ नका, जगातल्या भाषा येतात आणि शेकडो एमबी जातात, गाभ्याचं पॅकेज पुरतं. लिबर ऑफिसचं मराठी भाषापॅक पण आहे, मेनू मराठीत होतो.

श्रीलिपीची गोष्ट अशी की ते युनिकोड नाही, मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. जुन्या विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून ते फॉन्ट पुसण्याआधी काढून ठेवा, लिनक्सवर घरच्या फोल्डरात टाकले की फाईल वाचता येतील. मग वेळ मिळेल तसं युनिकोडमधे करून घ्या, नाहीतर दहा वर्षांनी ते वाचणारं कोणी उरणार नाही. पुसण्याआधी हे शब्द मुद्दाम लिहिलेत.

चांदणवेल
दोन दिवसांनी लिहितेय. झालं!

फॉन्ट आधी काढून घेतले (@बोरूबहाद्दर मनापासून आभार, मी विसरलेच असते). डेबियन १३, एलएक्सक्यूटी, ईएक्सटी४. लिबर ऑफिस, फायरफॉक्स, मराठी, प्रिंटर सगळं टाकून डीएफ ५.८ जीबी दाखवतंय, २० जीबीच्या वर मोकळं. बूट ४० सेकंदात. काही न उघडता ४३० एमबी रॅम. व्हॉट्सॲप वेब आणि कॅल्क एकत्र उघडलं तर झेडरॅम भरायला लागतो पण अडकत नाही, तिसरा टॅब उघडला की जाणवतं. आईला सांगितलंय एका वेळी एकच टॅब, आणि यूब्लॉक ओरिजिन (जाहिराती अडवणारं) घातलंय.

आवाज आला, यूसीएमचं पॅकेज राहिलं होतं. हेडफोनचं तसंच झालं जसं टर्मिनलवाला म्हणाले, एकदा स्पीकर निवडला की ठीक. झाकणाचंही सेटिंग केलं.

आईने गमभन निवडलं. पहिला तास चिडली होती, ळ आणि ण सापडत नव्हते, मी एका पुठ्ठ्यावर स्केचपेनने तक्ता करून दिला, आता तो कीबोर्डच्या वर चिकटवलाय. काल रात्री तिने कर्जाचं पूर्ण एक्सेल कॅल्कमधे उघडून एकेक ओळ जुन्या प्रिंटशी ताडून बघितली, ४१ हप्ते, सगळे बरोबर. फक्त एका शीटमधे तारखा महिना आधी असा उलट्या दिसत होत्या, ते लोकेल मराठी भारत केल्यावर सुधारलं.

फोटो मायक्रोएसडी कार्डवर ठेवायला शिकवलं, गटाच्या फाईली मात्र आतल्या डिस्कवर आणि दर बैठकीनंतर पेन ड्राईव्हवर कॉपी.

सह्यकडा
फार छान. ते कार्ड फोटोंपुरतंच ठेवा, होम फोल्डर त्याच्यावर हलवू नका, माझं एक कार्ड असंच न सांगता गेलं होतं.

तारमास्तर
चांदणवेल, अभिनंदन, आईंना नमस्कार सांगा.

मी फाईली दोन पेन ड्राईव्हवर घेतल्या, एक पेन ड्राईव्ह मुलीकडे दिला. बायोनिकपप३२ पेन ड्राईव्हवरून चालवून पाहिलं, टायपिंग करताना एकदाही गोठलं नाही. आता एसएसडीवर घ्यायचं आहे. ते विचारतंय फ्रुगल का फुल, आणि पुढे सेव्हफाईल का सेव्हफोल्डर. काय निवडू?

रानवाट
काका, फ्रुगल (डिस्कवर पपीच्या मोजक्याच फाईली, बाकी रॅममधून). पार्टिशन ईएक्सटी४ करा आणि सेव्हफोल्डर निवडा, सेव्हफाईलचा आकार आधी ठरवावा लागतो आणि नंतर ती भरते, फोल्डरला ती कटकट नाही. बूटच्या ओळीत पीमिडिया समोर एटीएफ्लॅश लिहा, मग पपी बदल रॅममधे ठेवून अधूनमधूनच डिस्कवर उतरवतं.

पण ह्यामुळेच एक काळजी घ्यायची. वह्यांच्या फाईली डेस्कटॉपवर किंवा रूटच्या फोल्डरात ठेवू नका, त्या सेव्ह होईपर्यंत रॅममधेच असतात आणि बॅटरी गेली तर जातील. एमएनटीच्या आत होम म्हणून फोल्डर आहे, तिथे वह्या नावाचं फोल्डर करा आणि थेट त्यातच सेव्ह करत जा, ते सरळ एसएसडीवर जातं.

तारमास्तर
समजलं. वह्या फोल्डर केलं. १९५३ ची वही चालू आहे, अजून सात आहेत.